लोकरीचा गुंडा दर वेळी घट्ट होतो, गुंततो, मध्येच अडकतो? आधी गुंडाळणं तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. स्वेटरची पाठ आणि पुढचा भाग एकाच लोकरीचे, सुया त्याच, टाके मोजून सारखे, तरी एक भाग दुसऱ्यापेक्षा आखूड. किंवा विणताना सगळं मापात होतं आणि पहिल्या धुण्यानंतर बाह्या मनगटाच्या वर गेल्या. क्रोशावाल्यांचं दुखणं जरा वेगळं असतं: तोरणाची एक पट्टी सपाट बसते, दुसरी कडेला वळते, धागा मध्येच हिसका देतो आणि नेमका त्या जागेचा खांब, म्हणजे क्रोशाचा उभा टाका, बुटका होतो. नाशिकमध्ये आमच्या दुपारच्या विणकामाच्या बैठकीत नवीन येणारी जवळजवळ प्रत्येक जण याचं खापर स्वतःवर फोडते. "ताई, माझ्या हाताला वळणच नाही." विणलेला तुकडा हातात घेऊन पाहावा तर टाके छान एकसारखे असतात. दोष पिशवीतल्या गुंड्यात असतो, आणि तो पहिला टाका घालण्याच्या आधीच तयार झालेला असतो.

म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे. चांगला हात असलेली बाई केवळ गुंडा चुकीचा झाल्यामुळे विणकाम सोडून देते, हे मला सहन होत नाही.

घट्ट गुंडा: सगळ्यात जास्त नुकसान इथे

मेंढीच्या लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो. ओढला की लांब होतो, सोडला की मागे येतो. पण गुंडाळताना तो ओढून घट्ट बसवला आणि तसाच महिनाभर कपाटात ठेवला, तर तो ताणलेल्या अवस्थेतच स्थिरावतो. आपण विणतो ते हा ताणलेला धागा. पुढे स्वेटर पाण्यात गेला की तंतू सैलावून आपल्या मूळ लांबीला परततो आणि प्रत्येक टाका थोडा थोडा लहान होतो. यात पाण्याचा दोष नाही आणि साबणाचाही नाही.

थोडा थोडा म्हणजे किती, ते हिशेबाने बघा. समजा ताणलेला धागा धुतल्यावर फक्त ५ टक्के आखडला. छातीचा घेर ९० सेंटीमीटर धरून विणलेला स्वेटर धुतल्यावर साडेचार सेंटीमीटरने कमी भरेल. एवढा फरक अंगावर लगेच जाणवतो. आणि एक गुंडा तुम्ही टीव्ही बघत निवांत गुंडाळला, दुसरा घाईत ओढून गुंडाळला, तर एकाच स्वेटरच्या दोन भागांत फरक पडणारच.

ॲक्रिलिक लोकरही ताणली जाते आणि मागे येते. आपल्याकडच्या दुकानांत लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिकच असतं, त्यामुळे हे लक्षात ठेवा. खरी लोकर की ॲक्रिलिक, हे ओळखायला दोन बोटांएवढा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी काळी राख उरते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. सुती धागा मात्र फारसा ताणला जात नाही, म्हणून क्रोशाच्या सुताचा गुंडा घट्ट झाला तरी मापाचं नुकसान कमी. तिथे त्रास होतो तो अडकण्याचा, त्याकडे पुढे येते.

गुंडा घट्ट आहे का, हे अंगठ्याने कळतं. गुंडा तळहातावर ठेवून अंगठा दाबा. तो सहज आत गेला पाहिजे आणि काढल्यावर खळगा आपोआप भरून आला पाहिजे. टणक लागला तर समजा ताण आहे. खात्री करायची असेल तर गुंड्यातून धागा न ओढता, जसा सुटेल तसा १ मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण बांधा. तेवढा भाग कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, टॉवेलवर मोकळा वाळवा आणि पुन्हा मोजा. ९५ सेंटीमीटर भरला तर वरचा हिशेब तुमच्या स्वेटरला लागू आहे.

घट्ट झालेला गुंडा वाया जात नाही. खुर्चीच्या पाठीभोवती सैल गुंडाळून त्याची परत लडी करा. चार ठिकाणी सुती दोऱ्याने बांधा, पण करकचून नाही. दोरा लडीच्या मधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या, म्हणजे धागे आपापल्या जागी राहतात. मग कोमट पाण्यात बुडवा, वीसेक मिनिटांनी काढा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत टांगा. लडीला खाली वजन लावू नका. वजनाने ती पुन्हा ताणूनच वाळते आणि सगळी मेहनत फुकट जाते. जुना स्वेटर उसवून काढलेल्या वळ्यावळ्यांच्या लोकरीलाही हाच उपाय आहे. ॲक्रिलिकला गरम पाणी आणि इस्त्री दोन्हीपासून लांब ठेवा, उष्णतेने त्याचा फुगीरपणा जातो तो कायमचा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत लडी लवकर वाळते. श्रावणात पंख्याखाली ठेवून धीर धरावा लागतो, अर्धवट ओली लोकर गुंडाळू नका, आत कुबट वास धरते.

मग गुंडाळायचं कसं

गुंड्यावर धागा थेट आवळायचा नाही, मध्ये आपली बोटं ठेवायची. सुरुवातीला अंगठा आणि करंगळीवर धागा तिरपा अलीकडे-पलीकडे असा दहा-बारा वेळा घ्या, ती छोटी जुडी काढून मध्ये दुमडा. हा गाभा. आता गाभा डाव्या हातात धरा, दोन-तीन बोटं गाभ्याच्या बाजूला टेकवून ठेवा आणि धागा गाभ्याबरोबरच बोटांवरूनही फिरवा. पंधरा-वीस फेरे झाले की बोटं अलगद काढा, गुंडा थोडा वळवा आणि पुन्हा बोटं ठेवून पुढचे फेरे घ्या. बोटं काढल्यावर प्रत्येक फेऱ्याला बोटांच्या जाडीएवढी ढील मिळते. ओढायचं ठरवलं तरी गुंडा फार घट्ट होऊ शकत नाही.

गुंडा वळवत राहणं याला दुसरंही कारण आहे. सगळे फेरे एकाच दिशेने शेजारी शेजारी पडले तर वरचा थर खालच्या थराच्या फटीत रुततो. विणताना धागा हिसका देतो तो याच रुतलेल्या जागी. फेरे एकमेकांना तिरके छेदत गेले की वरचा धागा खालच्यावर नुसता टेकतो आणि न अडकता सुटतो. गुळगुळीत क्रोशाच्या सुताला हे फार महत्त्वाचं आहे. तिथे हिसका बसला की खांबाची उंची तिथल्या तिथे बदलते आणि नंतर कितीही ओढाताण केली तरी ती रांग सरळ होत नाही.

गुंडाळताना धागा बोटांतून जातोच आहे, तर त्याकडे लक्ष ठेवा. कारखान्यातली गाठ, बारीक झालेली जागा, विरलेला पदर हे सगळं आत्ताच सापडतं. सापडलं की तिथे रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवा. छातीच्या मधोमध अचानक गाठ उगवण्यापेक्षा तिथे पोचण्याआधीच, ओळीच्या कडेला नवीन टोक जोडता येतं.

लडीपासूनच गुंता सुरू होत असेल तर

इथे घाई हा एकच शत्रू आहे. पिळाची लडी उलगडली की मोठं वर्तुळ होतं. ते दोन्ही हातांत धरून हलकेच झटका, म्हणजे धागे एका दिशेने पडतात. मग बंध कुठे कुठे आहेत ते बघा. सहसा लडीची दोन्ही टोकं एका बंधात एकत्र बांधलेली असतात. लडी पक्की अडकवून झाल्याशिवाय एकही बंध कापायचा नाही. नवीन मुली दुकानातून आल्या आल्या कात्री लावतात, आणि मग चादरीवर पसरलेला ढीग घेऊन येतात.

दोघी असाल तर एकीने लडी हातांवर धरायची, अंगठे वर. धरणारीचं काम गुंडाळणारीपेक्षा जास्त नाजूक असतं. हात ताठ ठेवले तर धागा ओढून येतो, म्हणून लडी किंचित सैल ठेवायची आणि धागा ज्या बाजूने सुटतो आहे तो हात थोडा आत झुकवायचा, मग दुसरा. माणूस कंटाळतो तेव्हा आधी हात ताणतो, म्हणून मध्ये थांबा, पाणी प्या. घरात कोणी मोकळं नसेल तर दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, किंवा लाकडी स्टूल उलटं करून चार पायांवर लडी चढवा. स्टुलाचे पाय आधी हाताने चाचपून घ्या, एखादी ढलपी सगळी लोकर ओरबाडते.

यापेक्षाही चांगली सोय म्हणजे लडी स्वतः फिरेल अशी. आपल्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणणारे रेशमाची लडी असारी नावाच्या फिरत्या चौकटीवर चढवतात आणि तिथून रहाटावर कांडी, म्हणजे धाग्याची छोटी नळी, भरतात. लडी ज्या चौकटीवर असते ती फिरती असल्यामुळे केसाएवढा रेशमाचा धागाही न तुटता येतो. पैठणी विणणारा माणूस मागावर बसण्याआधी धाग्याची एवढी काळजी घेतो, आणि आपण मात्र गुंडाळणं म्हणजे कसंतरी उरकायचं काम समजतो. छत्रीसारखी उघडणारी फिरती चौकट विकत मिळते, रोज विणणाऱ्याने ती जरूर घ्यावी. कधीमधी विणणाऱ्याला स्टूल पुरेसं आहे.

धागा अडकला तर ओढू नका. ओढल्याने सैल गुंता आवळतो आणि त्याची गाठ होते. जिथे अडकला त्या जागी जा, बघा की टोक कोणत्या दोन-तीन धाग्यांखालून गेलं आहे, आणि छोटा गुंडा तिथूनच खालून काढा. सुरुवातीला गुंडा लहान असतो तोवर हे सोपं जातं, म्हणून पहिली दहा मिनिटं सगळ्यात सावकाश काम करा. ढीगच झाला असेल तर तो पांढऱ्या चादरीवर ठेवा आणि बोटांनी बाहेरच्या बाजूने सैल करत रुंद करा. फासे मोठे होऊ द्या, मध्ये भोकं दिसू द्या. टोक शोधायची गडबड नको, गुंता रुंद झाला की टोक आपणहून वर येतं. अर्धा तास लागेल, तास लागेल. शंभर ग्रॅम लोकर फेकून देण्यापेक्षा तो तास बरा.

कापावंच लागलं तर एकदाच आणि विचार करून कापा. खऱ्या लोकरीची टोकं थोडी उकलून, एकमेकांवर ठेवून, पाण्याचा थेंब लावून तळहातांत जोराने रगडली की तंतू एकमेकांत धरतात आणि जोड दिसत नाही. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीला हे जमत नाही, ॲक्रिलिक आणि सुताला तर नाहीच. त्यांची टोकं सुईने विणीत लपवावी लागतात.

मधून धागा काढायचा गुंडा: आतला गोळा का बाहेर येतो

मधून सुटणारा गुंडा गडगडत नाही, म्हणून तो सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी वीतभर टोक बाहेर सोडून ते तळहाताशी दाबून धरायचं आणि धागा एखाद्या गुळगुळीत दांड्याभोवती तिरपा गुंडाळायचा. मुठी नसलेलं बारीक लाटणं उत्तम. युरोपात यासाठी खास लाकडी दांडी असते, पण घरातलं लाटणं तेच काम करतं. फेरा घेताना लाटणं थोडं थोडं फिरवत राहा, गुंडा पोटाशी फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता होतो. शेवटी लाटणं फिरवतच बाहेर काढा.

टोक ओढल्यावर मुठीएवढा गोळा बाहेर आला, तर पहिले फेरे लाटण्यावर फार आवळून बसले होते, किंवा सोडलेलं टोक मधल्या फेऱ्यांत गाडलं गेलं होतं. तो गोळा परत आत कोंबू नका. बाहेरच ठेवा, त्याचा वेगळा छोटा गुंडा करा आणि तो संपेपर्यंत त्यातून विणा. शेवटचा पाव भाग उरला की असा गुंडा आत कोसळतो आणि तिथे हमखास गुंता होतो. कोसळायची वाट न बघता तेवढा भाग साध्या गोल गुंड्यात गुंडाळून घ्या. चकाकीचं सूत, रेशीम, व्हिस्कोज असे निसटते धागे आणि मोहेरसारखे केसाळ धागे मात्र मधून काढायच्या फंदात पडू नका, बाहेरूनच काढा.

बाहेरून काढताना गुंडा पळतो ही अडचण खरी आहे. भांडी बाजारातून आणलेलं एखादं छोटं जड पितळी पातेलं यासाठी फार छान. हलकं प्लास्टिकचं भांडं गुंड्याबरोबर ओढलं जातं. जुनी किटली असेल तर गुंडा आत, झाकण बंद, धागा चोचीतून बाहेर. मांजर असलेल्या घरात ही युक्ती विशेष उपयोगी. भांड्याच्या कडेवरून आणि चोचीच्या तोंडाशी आधी कापसाचा बोळा फिरवा. कापूस जिथे चिकटेल तिथे लोकरही अडकेल, तेवढी जागा बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या.

धागा स्वतःभोवतीच वळतो, पदर सुटतात

हे पिळाचं गणित आहे. गुंडा स्थिर ठेवून मधून धागा ओढला की गुंड्यावरच्या प्रत्येक फेऱ्यामागे धाग्याला एक पीळ पडतो. फेरा २० सेंटीमीटरचा असेल तर मीटरला पाच. आकडा छोटा वाटतो, पण विणताना धागा बोटांतून सरकतो तेव्हा हा पीळ मागे ढकलला जातो आणि हात व गुंडा यांच्यामध्ये साठत राहतो. काही वेळाने तिथे वेटोळी दिसू लागतात. पीळ मूळ धाग्याच्या उलट दिशेचा असेल तर पदर सुटे होतात आणि क्रोशाची सुई चारपैकी तीनच पदर उचलते.

वेटोळी होत असतील तर धाग्याला गुंड्यापाशी केसांची क्लिप लावा आणि गुंडा हवेत लोंबकळू द्या. तो आपोआप गरगर फिरून पीळ सोडतो. पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर मधलं टोक गुंड्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढा, आता पीळ उलट दिशेने पडेल. मूळ पीळ सैल असलेल्या लोकरीला यातली एक बाजू मानवते, दुसरी नाही, दोन्ही करून बघा. बाहेरून धागा काढला आणि गुंडा भांड्यात मोकळा गडगडला तर नवीन पीळ पडतच नाही. गुंडाळतानाही तसंच असतं. गुंडा स्थिर धरून हाताने धागा भोवती फिरवला की पीळ पडतो, गुंडाच हातात फिरवत धागा घेतला की पडत नाही. सैल पिळाच्या लोकरीला ही दुसरी रीत सवयीची करून घ्या.

हवा आणि साठवण

निफाडचा पारा दहाच्या खाली गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आमच्याकडे ॲक्रिलिकच्या तक्रारी वाढतात. थंड कोरड्या हवेत गुंडाळताना घर्षणाने त्यात स्थिर वीज साठते, तंतू उभे राहतात, बाहीला आणि एकमेकांना चिकटतात. हात किंचित ओलसर करून गुंडाळा आणि गुंडा प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती पिशवीत ठेवा. खरी लोकर हवेतला ओलावा धरून ठेवते, म्हणून तिला हा त्रास कमी. ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषूनही हाताला ओली लागत नाही. याच कारणाने पावसाळ्यात तिला हवा लागली पाहिजे. महिन्यातून एकदा गुंडे बाहेर काढून हलवा, कसर लागली असेल तर लवकर दिसेल.

लेबल टाकू नका. बाहेरून सुटणाऱ्या गुंड्यात ते घडी करून गाभ्यातच गुंडाळा. शेड नंबर (रंगछटेचा) आणि लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या मालाचा) दोन्ही लागतात, कारण त्याच शेडची दुसऱ्या लॉटची लोकर उन्हात वेगळी दिसते.

इतकं करूनही दोन भाग सारखे येत नसतील

गुंडा मऊ आहे, धागा न अडकता येतो आहे, १ मीटरची चाचणी बरोबर भरते आहे, तरी माप चुकतंय, तर सुया तपासा. आपल्याकडे जुन्या सुयांवर ९, १०, ११ असे नंबर असतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ११ नंबर म्हणजे ३. नव्या सुया आणि ऑनलाइन मिळणारे नमुने मिलिमीटरमध्ये असतात. आजीच्या डब्यातली एक सुई आणि नवी आणलेली एक सुई अशी जोडी जमली असेल तर दोन्ही सुया शेजारी धरून बघा, आणि शंका आली तर सुयांची मापं असलेल्या भोकांच्या पट्टीतून दोन्ही घालून बघा.